माझ्या नंबरावर धावलेली बाई

चाकणच्या कारखान्यात मी कायम कामगार. मॅरेथॉनसाठी कंपनी नावं भरायची ती फक्त आम्हा कायमवाल्यांची. त्या वर्षी मीही हौसेनं नाव दिलं आणि ऐन वेळी गुडघा धरला. आमच्या लाइनवर परभणीकडची एक कंत्राटी बाई होती, जवळच निघोज्यात खोली करून राहायची. पहिल्या शिफ्टच्या आधी ती रस्त्याच्या कडेनं धावायची, ट्रकवाले मुद्दाम हॉर्न मारायचे. छातीवर लावायचा माझा नंबर मी तिला देऊन टाकला. वेळ मोजणारी चिप त्यालाच चिकटलेली.

"दादा, सर्टिफिकेट माझ्या नावाचं मिळंल ना? घरचे म्हणायलेत, कागद दाखव, नसता धावणं बंद."

"नंतर बदलून घेऊ की."

ती पूर्ण बेचाळीस किलोमीटर धावली. मी घरी पोहे खात होतो. मोबाइल वाजला. अभिनंदन, माझं नाव, आणि पुढे तिची वेळ. बायकोनं वाचलं. मोबाइल उलटा ठेवून तिनं मला आणखी पोहे वाढले.

सोमवारी शिफ्टआधीच्या मीटिंगला साहेबांनी मला पुढे बोलावलं. कंपनीतून पूर्ण अंतर धावलेला मी एकटाच म्हणे. मागून कुणीतरी ओरडलं, "काय राव, पोट घरी ठेवून पळाला का?" सगळे हसले, मीही हसलो. ती तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होती.

नाव बदलायला आयोजकांना एक मेल पुरे होता, पण तो माझाच लागत होता : मी धावलो नाही, ही धावली. नोकरी गेली नसती. चारचौघांत हसं झालं असतं, एवढंच. तेवढ्यासाठी मी तो पाठवला नाही.

तिनं तीनदा विचारलं. दोनदा मी म्हणालो, साइट बंद आहे. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "दादा, पळाले तर मीच न?" मी मशीन चालू केलं.

दिवाळीनंतर एका सकाळी ती गेटवर दिसली. चेहऱ्यावर घाम नव्हता, पायात चपला.

"आज पळाली नाहीस?"

"बंद केलं, दादा. बूट जावंच्या पोरीला दिले."

वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. "बरं," म्हणालो, कार्ड पंच केलं आणि आत गेलो.