केपटाऊनच्या घराची सही

चौक गावच्या जुन्या हायवेला, गॅरेजांच्या रांगेत एक बारकं दुकान आहे. तिथे गाड्या नाही, शिलाईच्या मशिनी दुरुस्त होतात, आणि त्या दुरुस्त करते खतीजा. नवरा गेल्यावर त्याचे पाने-पेचकस तिने हातात घेतले, त्याला आता अठरा वर्षं झाली. मशीन बिघडली की ती आधी कान लावून ऐकते, मग खोलते. नीट चालणारीसुद्धा कधीकधी खोलून बघते. "आत काय चाललंय ते कळायला नको का?" हे तिचं म्हणणं. शेजारच्याच गॅरेजात बसणारा तिचा मुलगा झहीर यावर कपाळाला हात लावतो.

खतीजाची एक फुफी, म्हणजे आत्या, होती, हमीदा. पंचावन्न साली लग्न होऊन जहाजाने दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेली, ती माहेरी फक्त एकदा आली. तेव्हा खतीजा नऊ वर्षांची होती. फुफीच्या अंगाला लवंगेचा वास होता आणि ती चहात मीठ घालून प्यायची, एवढंच तिला आठवत होतं. गेल्या वर्षी फुफी वारली. तिला मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात घराचा अर्धा वाटा तिने दिराची नात कशिश हिला लिहिला होता, आणि अर्धा भावाची मुलगी खतीजा हिला.

कशिशचा फोन आला. तिची कोकणी ऐकून खतीजा दचकलीच. बाई पस्तिशीची, पण बोलत होती खतीजाच्या आजीसारखी, मध्येच इंग्रजी मिसळून.

"खाला, तुमी इथे येयाची गरज नाय. मला मुखत्यारपत्र पाठवा. मी तुमच्या वतीने सह्या करीन."

केपटाऊनच्या वकिलाने मसुदाही पाठवला, सहा पानांचा, सगळा इंग्रजीत. तो घेऊन खतीजा खालापूरला कोर्टाजवळ बसणाऱ्या नोटरीकडे, हर्षद वकिलाकडे गेली. झहीर सोबत होता.

"हे मुखत्यारपत्र," हर्षद म्हणाला. "तुमच्याऐवजी त्या कशिशबाई घराची कामं करतील. इथे सही करा."

"वाचून दाखवा."

"सांगितलं ना मावशी, मजकूर तोच आहे."

"सहा पानांत एवढंच लिवलंय?"

झहीर घड्याळ बघू लागला. हर्षदने उसासा टाकला आणि ओळ वाचायची, मराठीत सांगायची, असं सुरू केलं. तिसऱ्या पानावर आलं, की घर रिकामं करून ते विकण्याचा अधिकार कशिशला राहील.

"थांबा," खतीजा म्हणाली. "फुफी तर गेली. मग रिकामं कोणाला करायचं?"

हर्षदने पान मागेपुढे केलं. "ते यात लिहिलेलं नाही."

खतीजाने उरलेली पानंही ऐकली, पण सही केली नाही. घरी येऊन तिने कशिशला व्हिडिओ कॉल लावला आणि तोच प्रश्न विचारला. कशिशने उठून दार लावलं. मग म्हणाली, "मागच्या खोलीत नोमसा ऱ्हाते. बावीस वर्षं तिनेच तुमच्या फुफीचं सगळं केलं. न्हाणं, खाणं, शेवटी शेवटी नमाजाला बसवणं पण. तिला कुठे जागा नाय. तिला ऱ्हाऊ द्यायचं का, मला तुमाला विचारायचं होतं, पण अर्धं घर तुमचं. तोंड नाय झालं."

त्या रात्री जेवताना झहीर म्हणाला, "अम्मी, ओळख ना पाळख. घर विकू दे. तुला काय करायचंय त्या बाईचं?"

"माझ्या फुफीला जिने न्हाऊ घातलं तिची ओळख नाय, आणि जे घर मी बघितलं नाय त्याची हाय, होय रं?"

झहीरने आईच्या ताटात भाकरी वाढली.

कशिशही राजी झाली आणि मसुदा बदलला. सगळे अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र नको, ठरलेल्या कामापुरतं खास मुखत्यारपत्र करू, हे हर्षदनेच सुचवलं. आता त्याच्याही अंगात या कामाचं वारं भरलं होतं. नोमसा हयात आहे तोवर मागची खोली तिचीच, आणि तोवर घर विकायचं नाही. हा हक्क तिथल्या सरकारी दप्तरात नोंदवायला कशिश सही करील, असं त्यात आलं. खतीजाने पुन्हा सहा पानं ऐकली आणि उर्दू शाळेत शिकलेली सही ठोकली. हर्षदने शिक्का मारला.

"झालं?"

"आता सुरुवात झाली," हर्षद हसला. "मी खरा नोटरी आहे, हे केपटाऊनला काय माहीत? म्हणून माझी सही मंत्रालयात गृह विभाग तपासणार."

"आणि मंत्रालयाची?"

"दिल्लीचं परराष्ट्र खातं. ते मागे एक चिठ्ठी चिकटवतं, तिला अपोस्टिल म्हणतात. ज्या देशांनी आपसांत तसा करार केलाय ते ती मानतात. दक्षिण आफ्रिका त्यात आहे."

"आणि त्या चिठ्ठीची सही कोण बघतं?"

"तिच्यावर नंबर असतो. तिथला माणूस कॉम्प्युटरवर नंबर टाकून बघतो. पुढे कोणी नाही मावशी. कुठेतरी थांबून विश्वास ठेवावाच लागतो."

खतीजाला ते पटलं. मशीनमध्येही असंच असतं, एक चाक दुसऱ्याला फिरवतं. फक्त ती सगळी चाकं बघायची तिची हौस राहिली होती. म्हणून मंत्रालयात ती झहीरबरोबर स्वतः गेली आणि खिडकीपलीकडच्या बाईंना म्हणाली, "हर्षद वकिलाची सही तुमी कशाशी जुळवता?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि नमुना सह्यांची नोंद असते म्हणून सांगितलं. अशी चौकशी आजवर कोणी केली नव्हती, असंही म्हणाल्या.

चिठ्ठी लागली, कुरिअर गेलं, आणि तीन आठवड्यांनी कागद नापास झाले.

तिथल्या वकिलाचे मुद्दे दोन होते. मृत्युपत्रात नाव 'खदीजा' होतं, आधारवर 'खतीजा'. आणि इंग्रजी कागदाखाली सही उर्दूत होती. या बाईला मजकूर समजला होता, याचा पुरावा काय?

हर्षदने जीभ चावली. "मी दोनदा अख्खा वाचला, पण तसं लिहायचं राहिलं. चूक माझी."

"मग आता लिवा. आणि खोटं लिवू नका, परत वाचा."

त्याने तिसऱ्यांदा वाचला. शेवटी दाखला जोडला, की हा मजकूर मराठीत समजावून सांगितला आणि बाईंनी तो समजून सही केली. दोन्ही नावं एकाच बाईची, असं वेगळं प्रतिज्ञापत्रही केलं. पुन्हा मंत्रालय, पुन्हा चिठ्ठी. या खेपेला कुरिअरला झहीर एकटाच गेला. पावतीचा फोटो त्याने आपणहून आईला पाठवला.

फेब्रुवारीच्या शेवटी कशिशचा कॉल आला. कागद मानले गेले होते, नोमसाच्या खोलीची नोंद झाली होती. खतीजाने मशिनीचं तेल हाताला तसंच ठेवून फोन धरला. पडद्यावर एक अरुंद गल्ली दिसली, मग पिवळी भिंत, मग दार. दारात सत्तरीची, डोक्याला रुमाल बांधलेली एक काळीसावळी बाई उभी होती. तिने फोनकडे वाकून पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द उचलत म्हणाली,

"बाय, जेवलीस गं?"

हे बोल तिच्या बापाच्या घरचे होते. फुफीने बावीस वर्षं दररोज विचारले असणार, तेव्हा कुठे ते या बाईच्या तोंडात बसले.

"जेवले गं," ती म्हणाली. "तू जेवलीस?"

नोमसा हसली, पुढची कोकणी तिला येत नव्हती. मग मध्ये कशिशला बसवून खतीजाने विचारायला सुरुवात केली. फुफी चहात शेवटपर्यंत मीठ घालत होती का? तिची खिडकी कोणत्या बाजूला होती? गावाकडचं काय काय सांगायची? झहीर गॅरेजातून हात पुसत आला आणि आईच्या खांद्यावरून तोही ऐकू लागला.