तोर्कासाचं मुसकं

घोड्याचं पोट गवतानं भरतं आणि मालकाचं हट्टानं, असं क्लोदोमिरो एत्चार्त म्हणायचा. अर्थात मालक आसपास नसताना. तीस वर्षं तो उरुग्वेच्या त्या माळावर शर्यतीची घोडी सांभाळत होता. राहायचा तबेल्यामागच्या खोलीत, आणि ती खोली मालकाची, डॉन अबेलार्दोची. बायकोचे, एलिदाचे गुडघे गेलेले. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

रविवारी साठ किलोमीटरांची शर्यत होती. पोट सुटलेली घोडी पळत नाही, म्हणून तिथं सगळेच शेवटचा महिना गवत बंद करून नुसता मका चारतात, आणि पायाखालचा पेंढाही खाऊ नये म्हणून तोंडाला मुसकं बांधतात. सोमवारी तोर्कासा, त्याची लाडकी करडी घोडी, खूर आपटत सारखी स्वतःच्या कुशीकडे वळून बघू लागली. क्लोदोमिरोनं कुशीला कान लावला. आत गुरगुर नव्हती. घोड्याचं पोट गप्प झालं की माणसानं घाबरावं.

तेव्हापासून तो रोज सकाळी टोपी भरून गवत आणायचा, मुसकं काढायचा आणि टोपी तिच्या तोंडापुढं धरायचा. निम्मा मका कोंबड्यांना. तिसऱ्या दिवशी पोट पुन्हा बोलायला लागलं, तेव्हा म्हाताऱ्याला चक्क रडू आलं.

शुक्रवारी एलिदाचे गुडघे शेकण्यात वेळ गेला आणि तोर्कासाची लीद काढायची राहिली. डॉन अबेलार्दोनं ती बुटाच्या टोकानं उलटली. हिरवीगार.

"गवत कुणी चारलं?"

"मी. मालक, नुसत्या मक्यानं आतडं आंबतं. पोटशूळ उठला तर वाटेतच आडवी होईल ती."

"डॉक्टर झालास होय रे? माझ्या बापानं मक्यावर अकरा शर्यती मारल्यात!"

"आणि घोडी किती पुरली, तेही सांगा की."

मालक हसला. "बरं, मग जा. एलिदाला घे पाठीवर. फक्त कुठं जाणार, तेवढं सांगून जा."

क्लोदोमिरोनं खोलीकडे बघितलं. खिडकीत बसलेल्या एलिदानं मान खाली घातली.

"रविवारपर्यंत दुप्पट मका. आणि मुसकं बांध, आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं खुंटीवरचं मुसकं काढलं. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. दोन्ही हातांनी त्यानं ते पुढं धरलं. तोर्कासाला वाटलं, टोपीच आहे. तिनं आपणहून तोंड आत घातलं आणि गवत शोधू लागली.