रामाची शेवटची चढाई

काल दुखऱ्या गुडघ्याला मलम चोळलं आणि त्या उग्र वासाने मला नव्वदच्या दशकातल्या नेवाशाच्या कबड्डीच्या मैदानावर नेलं.

साऱ्या तालुक्याचा लाडका रामा शेवटच्या चढाईला गेला, तेव्हा आमचा संघ एका गुणाने मागे होता. चौघांनी त्याला खाली पाडलं. तेवढ्यात चारचौघांत कधी न बोलणारी माझी आई उभी राहून ओरडली, "वढ रामा, वढ!" चौघांना ओढत त्याने मधल्या रेषेला बोटं टेकवली आणि आम्ही जिंकलो.

गुडघ्याला मलम फासून रामा लंगडत आईपाशी आला. म्हणाला, "मावशी, तुमचा आवाज लई कामाला आला."

आई तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत होती. तेव्हा मी रामालाच बघत होते. आता मात्र मला आईच दिसते.