सासूला भाकरी थापायला लावली ती वर्षं

माझ्या सासूने माझ्या गोळ्या मोरीत टाकल्या, तिथपासूनच सांगते. त्याआधीचं सांगण्यासारखं काय? लग्न झालं आणि एकामागून एक चार बाळंतपणं. दोन मुली, दोन मुलगे. एक अंगावर पीत असायचं तोच दुसऱ्याची चाहूल. मुंबई राज्य होतं तेव्हा, आणि आमचं गाव अमळनेरपासून बैलगाडीच्या वाटेवर.

चौथ्या खेपेला मी पांढरीफटक पडले. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. माझ्या आईने मला अमळनेरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पापणी खाली ओढून पाहिली. म्हणाल्या, "पोरी, अंगात रक्त कुठंय? लगेच पुन्हा दिवस गेले तर तू वाचशील असं मी सांगू शकत नाही." त्यांनी फेसाच्या गोळ्या दिल्या. नवऱ्याजवळ जायच्या आधी आत ठेवायच्या. आणि जाता जाता एक बजावलं, "दोन पाळ्यांच्या मधले दिवस जप. धोका तेव्हाच."

गोळ्या मी गोधड्यांच्या घडीत ठेवल्या. सासूच्या हाती लागल्या. तिने त्या ओल्या मोरीत उपड्या केल्या, तसा फस्सकन फेस आला. झालं! गल्ली गोळा केली तिने.

"माय वं, जहर शे हे! मन्हा पोऱ्याले मारी टाकशी का वं?"

शेजारीण म्हणाली, "अक्का, दवाखान्याचं औषध असेल ते."

"आम्हले कोणी गोया दिन्ह्यात? बठ्ठा देवना हातमा शे!"

आमचे हे दारात उभे होते, हातात बैलाचा कासरा. आईकडे पाहिलं, फेसाकडे पाहिलं, आणि शेतात निघून गेले. आता लोक सभेत भाषणं करतात, की बायका अडाणी, म्हणून साधनं वापरत नाहीत. अडाणी? मला सगळं कळत होतं. गोळी माझी होती, मोरी तिची होती.

पुढच्या कापूसवेचणीला पाचवी खेप, मुलगी झाली. मी कशीबशी वाचले. पोर बारशाच्या आधीच गेली. नावसुद्धा नाही हो ठेवलेलं. मी बाजेवर पडलेली, आणि भेटायला आलेल्या बाईला सासू ओट्यावर सांगत होती, "पोरगीच व्हती, माय. जाऊ द्या."

जाऊ द्या! ते दोन शब्द मी दातांखाली धरून ठेवले. मनाशी म्हटलं, आत्याबाई, तुम्हाला मी अशी धरीन की ओरडायलाही जागा राहायची नाही.

तिला धरायचं कुठे, ते शोधायला वेळ लागला नाही. बाई शिवाशिवीची भारी कडक. पाळी आली की सुनेने गोठ्यालगतच्या पडवीत बसायचं. चार दिवस चूल नाही, पाणी नाही, नवऱ्याची सावली नाही. नागडं पोर तेवढं जवळ आलेलं चाले. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात. हा नेम तिचाच. तो मोडायची ताकद तिच्यातही नव्हती.

मग काय, मी पाळीलाही बाहेर बसू लागले आणि मधल्या दिवसांतही. सकाळी उठायचं, पडवीत गोणपाट टाकायचं आणि म्हणायचं, "आत्याबाई, कावळा शिवला."

"आते? आतेच तं बसेल व्हतीस ना?"

"अंगावर जातंय. या आत्याबाई, बघायचं का?"

ती चार पावलं मागे सरायची! तपासायला शिवावं लागतं, आणि शिवलं तर हिला डोक्यावरून अंघोळ. पाळीच्या कापडाची घडी मी गोठ्यामागे वाळवत होते, तिकडे ती नजर टाकणं शक्य नव्हतं.

आणि चूल? घरात दुसरी सून नव्हती. घरची माणसं, वर दोन सालदार, सगळ्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. कळण्याच्या भाकरीला मनगट लागतं. मी पडवीत गोधडीला टाके घालत बसायची, थोरलीच्या अंकलिपीतली अक्षरं बोटाने गिरवायची. वाचायला मी तिथेच शिकले. आतून थपथप ऐकू यायची, मग धूर, मग खोकला, मग चटका बसल्याचं "माय वं!" खोटं कशाला बोलू, त्या आवाजाने माझ्या अंगात रक्त भरत गेलं. दर थापेला मी मनात म्हणायची, जाऊ द्या, आत्याबाई, जाऊ द्या.

यांनी एकदा लांबूनच विचारलं, "हे किती दिवस चालायचं?"

मी म्हटलं, "तुमच्या आईला विचारा. नेम त्यांचा." ते शेताच्या वाटेला लागले. बोलणारा माणूसच नव्हता तो.

अशी दोन वर्षं गेली. मला दिवस राहिले नाहीत. सासूची मनगटं मात्र सुजली. गल्लीतल्या बाया तिला म्हणायला लागल्या, "अक्का, सून आणली का पाहुणी?" शेवटी तिनेच यांना गाडी जुंपायला लावली आणि मला अमळनेरला नेलं. त्याच डॉक्टरीणबाई! आत घेऊन त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "तुझं तर अंगावर जात नाही." मी त्यांना मोरीपासून सगळं सांगितलं. बाईंनी हात धुतले. मग बाहेर जाऊन सासूला म्हणाल्या, "एक ऑपरेशन आहे. केलं तर पुन्हा मूल होणार नाही. दोन मुलगे आहेत. विचार करा."

"पोरे पुरेत, बाई. आते बठ्ठं बंद करी टाका. मन्हा हात गयी ग्यात."

यांनी आईकडे बघत कागदावर अंगठा उठवला. माझ्या जिवाला जे मिळालं नाही ते तिच्या मनगटाला मिळालं.

टाके सुकले, मी घरी आले, चूल हातात घेतली. सासू ओट्यावर पाय पसरून बसली, सुटलेच म्हणून. महिना सरला आणि मी पडवीत गोणपाट टाकलं.

ती धावत आली, उंबऱ्यावर थांबली. "आते काय वं? ऑपरेशन जायं ना?"

"झालं की."

"मंग?"

ऑपरेशनने पाळी थांबत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाई 'मूल' म्हणाल्या, हिने 'बठ्ठं', म्हणजे सगळंच, धरलं. मीही वाटेत गप्पच होते.

"कावळा शिवला, आत्याबाई," मी म्हटलं. आता मधले दिवस जपायची गरज नव्हती, तरी मी सोडले नाहीत. तिचे हात चालत होते तोवर महिन्यातून दोनदा बसले. एक बसणं माझ्या पाळीचं, आणि एक माझ्या त्या पोरीचं, जिला नाव नव्हतं.