कुदोसानची तपकिरी चरबी

जपानच्या उत्तर टोकाला असलेल्या आसाहिकावाच्या माणसाला थंडी वाजत नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. त्यांनी आसाहिकावाचा माणूस त्याच्या घरात बसलेला पाहिलेला नसतो. जानेवारीत बाहेर नाकातले केस गोठत असताना कुदोसान आपल्या दिवाणखान्यात अर्ध्या बाह्यांच्या गंजीत बसून आइस्क्रीम खात. खोली तापवायचा स्टोव्ह इतका मोठा ठेवलेला असे की कुंड्यांतली झाडं उन्हाळा समजून फुलत. बाहेर थंडी आहे म्हणून आत उकडलंच पाहिजे, असा तिथला हिशेब.

कुदोसान एका फर्निचर कारखान्याच्या कार्यालयात माल रवाना करायचं काम बघत. खुर्च्या देशभर फिरत, कुदोसान मात्र एकाच खुर्चीत. खिडकीखालच्या हीटरला पाठ लावून त्यांनी तिथे अर्धं आयुष्य काढलं होतं. घरून गाडीत, गाडीतून हीटरपाशी, हीटरपासून गाडीत. वर्षाकाठी त्यांना जेवढी थंडी लागे, तेवढी एखाद्या मांजरालाही पुरली नसती.

दर वर्षी आरोग्य तपासणीत कंबर मोजली जाई. पुरुषांची हद्द पंच्याऐंशी सेंटिमीटर. त्यापुढे गेलेला माणूस ‘मेताबो’, आणि एकदा मेताबो म्हटलं की त्याला कुणीही काहीही सुनावू शकतं. कुदोसान पोट आत ओढून उभे राहत. कारखान्याच्या परिचारिका ओनुमाबाई टेप हातात धरून शांतपणे थांबत.

“सोडा श्वास, कुदोसान. मला घाई नाही.”

कुदोसान तांबडे-जांभळे होत, शेवटी श्वास सोडत, आणि टेप त्र्याण्णववर येई. त्या वर्षी साखरही काठावर आलेली निघाली.

“चालत जा थोडं,” ओनुमाबाई म्हणाल्या.

“बाहेर बर्फ आहे हो.”

“तो तुमच्या जन्माच्या आधीपासून आहे.”

त्याच हिवाळ्यात तोक्योहून शिमोमुरा नावाचे नवे संचालक आले. येताना ते कुठल्या तरी व्याख्यानातून ताजं ज्ञान घेऊन आले होते. पहिल्याच सभेत त्यांनी सांगितलं, “माणसाच्या अंगात दोन चरब्या असतात. पांढरी साठवते, तपकिरी जाळते. तपकिरी थंडीने जागी होते. या कार्यालयात आपण तिला वर्षानुवर्षं झोपवून ठेवलं आहे.” मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती कुदोसानवर येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाचं तापमान सतरा अंशांवर आणलं गेलं. हीटरच्या तेलाचा खर्च निम्म्यावर येणार होता, पण शिमोमुरांनी त्याचा शब्दही काढला नाही. सगळं आरोग्यासाठी. शिवाय ते स्वतः नुसत्या शर्टात बसत, त्यामुळे कुणाला बोलायला तोंड राहिलं नाही. तोक्योच्या घरांत मेजाखाली पायांपुरती ऊब असते, बाकी घर रस्त्याइतकंच गार. शिमोमुरा तसल्या घरात वाढलेले.

“तुम्ही तर उत्तरेकडची माणसं,” ते कौतुकाने म्हणत. उत्तरेकडची माणसं दात वाजवत माना डोलवत.

कुदोसानची कंबर सगळ्यांत मोठी, म्हणून त्यांना मोहिमेचं प्रमुख केलं गेलं आणि दंडावर तपकिरी पट्टा बांधला गेला. समोरच्या टेबलावरच्या नात्सुईबाईंनी हिशेबावरून डोकंही न उचलता विचारलं, “काय प्रमुख, उठली का तुमची? माझी अजून झोपलेलीच आहे. गारठून मेली नसली म्हणजे मिळवली.”

शिमोमुरांनी ओनुमाबाईंना माहिती द्यायला बोलावलं. त्यांनी सरळ सांगितलं, की ही चरबी मानेपाशी, गळ्याच्या हाडांवर आणि मणक्याजवळ असते, वयाने आणि लठ्ठपणाने कमी होते, आणि रोज काही वेळ गारव्यात राहिलं तर काहींच्यात वाढते. लोकांनी नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी अख्खं कार्यालय मफलर गुंडाळून आलं. कपड्याला चिकटवायच्या ज्या गरम पुड्या मिळतात, त्या प्रत्येकाने बरोब्बर मानेवर आणि गळ्याच्या हाडांवर चिकटवल्या. बाकी अंग गारठत होतं, आणि ज्या चरबीसाठी हे सगळं चाललं होतं ती तेवढी उबेत होती.

थंडीने भूक मात्र खरीच जागी झाली. दुपारी बारा वाजले की सगळे पलीकडच्या रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, दुकानात धावत. तिथल्या रश्श्यावर डुकराच्या चरबीचा जाड थर असतो, त्यामुळे रस्सा शेवटच्या घोटापर्यंत कढत राहतो. आधी एक वाडगा घेणारे कुदोसान आता वाडग्यावर भात घेऊ लागले.

“साहेब कसे आहेत तुमचे?” दुकानदार आपुलकीने विचारी. “तब्येत सांभाळा म्हणावं त्यांना. असा माणूस टिकला पाहिजे.”

मग शिमोमुरांना व्यायाम सुचला. आवारातला बर्फ काढणाऱ्या कंत्राटदाराला त्यांनी रजा दिली. “थंडी आणि व्यायाम एकाच वेळी,” ते म्हणाले. आता सकाळी सगळ्यांनी आवार साफ करायचं, आणि प्रमुखांनी सर्वांत पुढे राहायचं.

पहिल्या दिवशी कुदोसानना धाप लागली. दोन हातांनी बर्फ ढकलायचं ते मोठं सुपडं त्यांनी चार वेळा पुढे नेलं आणि त्यावरच ओणवे झाले. “हळू घ्या,” ओनुमाबाई खिडकीतून ओरडल्या. “छातीत काही वाटलं तर थांबा. तुम्हाला उचलायला इथे कुणात ताकद नाही.”

पण आठवड्या-दोन आठवड्यांत काहीतरी निराळं घडलं. एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या कॉलरमधून वाफ निघते आहे. मफलर त्यांनी कधी काढून ठेवला होता कोण जाणे. भुसभुशीत बर्फात सुपडं सळसळत जात होतं, पलीकडे कारखान्याची भिंत उन्हात गुलाबी झाली होती, आणि त्यांना अजिबात थंडी वाजत नव्हती. बाकीचे चहाच्या नावाखाली आत सटकले होते. कुदोसान एकटेच आवाराच्या टोकापर्यंत गेले आणि तिथून वळून आपण काढलेल्या वाटेकडे बघत उभे राहिले. खुर्चीत बसून त्यांनी हजारो ट्रक रवाना केले होते, पण असं मागे वळून कधी पाहिलं नव्हतं.

घरी त्यांना उकडू लागलं. ते खिडकीची फट उघडत, आणि त्यांची बायको मित्सुए स्वतःच्याच घरात कोट घालून बसे.

“अहो, प्रमुख तुम्ही कारखान्यात,” ती म्हणाली. “इथे चरबी झोपलेलीच बरी.”

शेवटी तडजोड झाली. कुदोसाननी हवी तेवढी थंडी जिन्याखालच्या अडगळीत बसून खावी.

वसंतात मोहिमेसाठी म्हणून पुन्हा तपासणी झाली. कुदोसाननी पोट आत ओढलं नाही. टेप चौऱ्याण्णववर आली. ओनुमाबाईंनी रक्ताचा निकाल मात्र दोनदा वाचला.

“साखर उतरलीय. रक्तदाबही.”

“म्हणजे तपकिरी चरबी?”

“असेल. नाहीतर सुपडं असेल. चरबीचा रंग टेपला कळत नाही, त्याला मोठं यंत्र लागतं. पण पलीकडचं ते दुकान नक्की नव्हे.”

एकूण कार्यालयाची कंबर दोन बोटं वाढली होती. दुसऱ्या कुणी हे लपवलं असतं. शिमोमुरांनी मुख्य कार्यालयाला अभिमानाने कळवलं, की कर्मचाऱ्यांच्या चरबीत वाढ दिसत आहे आणि परिस्थिती पाहता ती तपकिरीच असणार. त्यांना बढती मिळून दक्षिणेला क्युशूला पाठवण्यात आलं. तिथे त्यांनी घामाचे फायदे शोधून काढले आणि पंखे बंद केले, असं कानावर आलं.

पुढच्या हिवाळ्यात हीटर पूर्ववत झाला, पट्टा कपाटात गेला, कंत्राटदार परत आला. कुदोसान मात्र त्याच्या आधीच येऊन आवार साफ करून ठेवत. चार दिवसांनी कंत्राटदाराने तक्रार केली, की हा माणूस माझं काम पळवतो. कार्यालयाने कुदोसानना बोलावून नम्रपणे समज दिली.

तेव्हा ते सकाळी शेजारच्या म्हाताऱ्या इगाराशीबाईंच्या दारातला बर्फ ढकलू लागले. बाईंनी दोन दिवस पडद्याआडून पाहिलं. तिसऱ्या दिवशी दार किलकिलं झालं.

“कुदोसान, काय हवंय तुम्हाला माझ्याकडून?”

“काही नाही हो. साखरेसाठी करतोय.”

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, “तसं असेल तर मागच्या बाजूलाही आहे.”

आणि दार लावून घेतलं. कुदोसान सुपडं घेऊन मागच्या बाजूला गेले.