कापूस भरणाऱ्या तिघी

आमच्याकडं दोऱ्यापेक्षा किस्सेच जास्त निघतात. विट्यात माझ्या हॉलमध्ये घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन आहे. डिझाइन निवडायचं, फ्रेममध्ये कापड ताणून बसवायचं, बटण दाबायचं, की मशीन भरतकाम करतं. त्यावर आम्ही कीचेन, पाळण्याची खेळणी, छोटे हत्ती-ससे असलं गिफ्टचं सामान बनवतो. मशीन मी बघते. जुळवाजुळव आणि शिवण शेजारच्या शोभाची. कापूस भरायचं खातं माझ्या सासूबाईंकडं, आणि त्या खात्यात कुणी लुडबुड केलेली त्यांना खपत नाही. तिघी बसलो की काहीतरी घडतंच. प्रत्येक वेळी म्हणतो, हे लिहून ठेवायला पाहिजे. मग चहा होतो आणि विसरतो.

*

पाचगणीच्या एका गिफ्टच्या दुकानदाराला कापडी स्ट्रॉबेरीची कीचेन हवी होती. सासूबाईंचा हात मुळात सढळ. संध्याकाळी बघते तर एकेक स्ट्रॉबेरी दगडासारखी टणक!

म्हटलं, "आवं आत्ती, जरा कमी भरा की. किल्लीपेक्षा कीचेन जड झालं."

त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "माज्या घरातनं कोण अर्ध्या पोटी गेलं न्हाई. स्ट्रॉबेरी का जाईल?"

माल पोचल्यावर दुकानदाराचा फोन आला, "मॅडम, माल दणकट आहे!" ती तक्रार होती की कौतुक, मला अजून कळलेलं नाही.

*

कापडी हत्ती उलटा शिवतात. म्हणजे कापडाची चांगली बाजू आत ठेवून शिवायचं, एक फट सोडायची आणि तिच्यातून अख्खा हत्ती बाहेर उलटवायचा. सोंड, कान, शेपूट शिवताना आतल्या बाजूला ठेवायची, म्हणजे उलटवल्यावर ती बरोबर बाहेर येतात. एकदा घाईत शोभानं सोंड बाहेरच्या बाजूला ठेवली. हत्ती उलटवला. पाय चार, कान दोन, शेपूट जागेवर आणि सोंड गायब! मी सोफ्याखाली शोधतेय, शोभा केराच्या डब्यात. सासूबाईंनी शांतपणे हत्तीचं पोट चाचपलं.

"आत हाय. भूक लागली आसंल."

तो हत्ती कोण घेणार? शोभाची साडेतीन वर्षांची चिऊ तिथंच खेळत होती, तिला दिला. तिनं उलटसुलट करून बघितला आणि जाहीर केलं, "ह्यो हत्ती न्हाई. ही म्हस हाय!" दुसऱ्या दिवशी पोरगी धार काढायला बसली.

चिऊचं असंच. जे दिसतं तेच बोलते. तिचे वडील कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या धंद्यात. विट्याकडची निम्मी माणसं असल्या दुकानांपायी बाहेरच असतात. अंगणवाडीत बाईंनी विचारलं, "चिऊ, पप्पा कुठं असतात?" ही म्हणाली, "मोबाईलमदी."

बाई हसल्या. ऐकून मीही हसले. शोभा नाही हसली. गेल्या जत्रेला तो चार दिवस आला, तर पोरगी चारही दिवस आईच्या पदरामागं लपून रडत होती. तो गाडीत बसला आणि ही बाहेर आली. "यंदा तरी त्येंच्याजवळ जाऊ दे," शोभा म्हणायची, "मला दुसरं काय नगं."

*

बारशाच्या ऑर्डरी म्हणजे डोक्याला ताप. पूर्वी आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की झालं. आता आईबाप नाव आधीच ठरवतात आणि आत्यापासूनही लपवून ठेवतात. सरप्राईज! पण पाळण्याला नावाची कापडी अक्षरं लावायची असतात, त्यामुळं आम्हाला सांगावंच लागतं. एकदा बारशाच्या आदल्या दिवशी एक आत्या रागानं लाल होऊन दारात उभी. "मी सख्खी आत्या आसून मला म्हाईत न्हाई, आन तुमाला म्हाईत?"

सासूबाईंच्या मांडीवर अक्षरं पसरलेली. त्यांनी पदर टाकून ती झाकली.

"आमी कापूस भरतो बाई, वाचत न्हाई."

सासूबाई रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, निधनवार्तांसकट!

*

यंदा जत्रेआधी शोभानं नवऱ्याचा जुना चौकड्याचा शर्ट आणला आणि त्याचा बाहुला करायला घेतला. हातभर उंचीचा. मिशीचं डिझाइन मशीनमध्ये होतं, पण तिला पटेना. "आशी न्हाई त्येंची." तीनदा उसवली. शेवटी व्हिडिओ कॉल लावला.

"आवं, जरा डावीकडं बगा. आता उजवीकडं. हसू नगा."

तो दुकानात, भोवती चार गाववाले. म्हणाला, "काय गं, मला बगाय पाव्हणं आल्यात व्हय?"

चौथी मिशी जमली. "चिऊ, हे बग पप्पा," म्हणून शोभानं बाहुला पोरीच्या हातात दिला. चिऊनं मिशीवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. मग ती त्याला भरवायची, दटावायची, दुपारी थोपटून झोपवायची. शोभाच्या जिवात जीव आला. मीच म्हणाले, आता काळजी सोड.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी तो ट्रॅव्हल्समधून उतरला. घरी कुणी दिसलं नाही म्हणून खांद्यावरच्या बॅगेसकट आमच्याच दारात आला. आम्ही तिघी ससे भरत होतो, चिऊ चटईवर होती.

"चिऊ!" त्यानं मोठ्यांदा हाक मारली.

शोभाचा हात थांबला. चिऊ उठली. रडली नाही, लपली नाही. तरातरा दारापर्यंत गेली आणि ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोला. पप्पा झोपल्यात."

त्यानं चटईकडं बघितलं. आपला शर्ट बघितला, मिशी बघितली. बॅग आवाज न करता उंबऱ्याबाहेर ठेवली, चपला काढल्या आणि चटईच्या कडेला खाली बसला.

"बरं," तो हळूच म्हणाला. "उठलं की सांग. मी हितंच बसतो."