जोडीतली एक नोट

माझ्या वडिलांकडे एक-एक रुपयाच्या दोन जुन्या नोटा होत्या. इंग्रजांच्या काळात छापलेल्या, राजाचं डोकं असलेल्या, आणि वर लाल अक्षरांत 'ही फक्त ब्रह्मदेशात चालेल' अशा अर्थाचा मजकूर छापलेल्या. त्या ब्रह्मदेशात कधी चालल्या की नाही देव जाणे. पुण्याच्या जुन्या बाजारात मात्र त्या पोचल्या आणि तिथे एका फाटक्या पाकिटात बाबांना आणि त्यांच्या मित्राला सापडल्या. दोघंही तेव्हा कॉलेजात होते. नोटांचे क्रमांक लागोपाठचे होते, म्हणून एक बाबांनी घेतली आणि एक मित्राने.

पूर्वी बँकेत नोटांची गड्डी पिनेने टोचून ठेवत. त्यामुळे दोन्ही नोटांना डाव्या बाजूला दोन-दोन बारीक भोकं आहेत. एकीवर एक ठेवून उजेडात धरल्या की भोकं बरोब्बर जुळतात. परदेशातले संग्राहक अशा भोकांना नाकं मुरडतात. या दोघांना त्या भोकांचंच कौतुक जास्त. मित्र आमच्या घरी आले की चहा यायच्या आत ते दोघं खिडकीपाशी नोटा धरून उभे असायचे, आणि आई म्हणायची, "बघितलं ना? जुळली. कालही जुळली होती."

हे मित्र म्हणजे माझे काका, रक्ताचे नसले तरी. ते नोकरीसाठी न्यूझीलंडला गेले, तेव्हा आपली नोट बाबांकडे ठेवून गेले. म्हणाले, "जोडी फोडू नकोस. माझ्याकडे राहिली तर हरवेल." जोडी सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, बाबांच्या अल्बममध्ये राहिली. काका तिकडेच म्हातारे झाले.

गेल्या वर्षी काकांच्या मुलीचा फोन आला. तिकडेच वाढलेली, तिचं मराठी अडखळत चालतं. ती म्हणाली, "बाबा सगळे ड्रॉवर्स उघडून बघतात. माझी नोट कुठे, माझी नोट कुठे, एवढंच. डॉक्टर म्हणतात, मेमरी जाणार. आधी नवीन जाते, मग जुनी. तुम्हाला माहीत आहे का, कुठली नोट?"

बाबांनी तिला सांगितलं, ती माझ्याकडे आहे. मग म्हणाले, "पाठवायची. त्याला आठवतंय तोवर त्याच्या हातात पडली पाहिजे."

एवढंच होतं सगळं. एक कागद, आणि तो ओळखणारा माणूस अजून ओळखतोय तोवर पोचवायचा. पण पुणेकराला परदेशी वस्तू पाठवायची म्हटली की पहिला प्रश्न एकच: कोण जाणारं आहे का? बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. खालच्या मजल्यावरचा एक जण मुलाकडे ऑकलंडला निघाला होता. तो घरी येऊन म्हणाला, "काका, चकल्या द्या, नेतो. नोटबिट नको. विमानतळावर विचारलं तर मी काय सांगू?" चकल्या त्याला आईने खरंच दिल्या.

मग मी बाबांना घेऊन कुरिअरवाल्याकडे गेले. काउंटरवरच्या मुलीने पाकिटात डोकावून विचारलं, "करन्सी आहे का सर? करन्सी अलाउड नाही."

बाबा म्हणाले, "ही कुठेच चालत नाही. चालली असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मुलीला ते आवडलं नाही. आम्ही पाकीट घेऊन परत आलो, आणि गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, सरळ ग्रीटिंग कार्डात घालून पाठवू, कोण बघतंय. त्यांच्या ओळखीचे काही संग्राहक तसंच करतात, हे मला माहीत होतं. मी भडकलेच. म्हटलं, "बाबा, सापडली तर जप्त होईल, आणि मग ती ना तुमची ना काकांची." लपवाछपवीचा मला मुळातच तिटकारा आहे. मी खराडीला सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. लोकांनी केलेल्या वस्तूत चूक कुठे निघेल, हे आधी हुडकून काढायचं, याचाच मला पगार मिळतो. तेव्हा ही नोट कशी पाठवायची ते मी ठरवणार, असं मी जाहीर करून टाकलं. बाबांनी हात जोडले, ते नमस्कारासाठी नव्हे.

मी खरंच डोळ्यांत तेल घालून काम केलं. लक्ष्मी रोडजवळच्या एका नाण्यांच्या व्यापाऱ्याकडून, ही चलनातली नसून संग्रहातली नोट आहे, असा सही-शिक्क्याचा कागद घेतला. शंभर वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे पुरातत्त्व खात्याचा दाखला लागणार नाही, याची खात्री केली. जुन्या नोटा नियमित बाहेर पाठवणारी एक सेवा शोधली. नोट तिच्या कोऱ्या पारदर्शक आवरणात, दोन्हीकडून कडक पुठ्ठे, पुठ्ठ्यांना चिकटपट्टी लावली तरी ती नोटेच्या आवरणाला शिवणार नाही अशी, मग ओल लागू नये म्हणून बंद पिशवी, मग जाड लिफाफा. विमाही उतरवला. आणि आत काय आहे ते खरं खरं लिहिलं: संग्राह्य जुनी नोट, एक.

त्याच महिन्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका छापून आल्या होत्या. बाबा म्हणाले, "काकांना पत्रिका वेगळी कशाला पाठवायची? यातच घाल." म्हणून मी पुढे लिहिलं: लग्नपत्रिका, एक. सोमवारी सकाळी माणूस सदाशिव पेठेत येऊन पाकीट घेऊन गेला.

पंधराएक दिवसांनी ट्रॅकिंगवर एकच शब्द आला, 'थांबवलं'. ऑफिसात मी दर तासाला ते पान उघडत होते, आणि शेजारची मुलगी विचारत होती, "मॅम, एवढं काय मागवलंय?" मग तिकडच्या शेतीसुरक्षा खात्याची ईमेल आली. पाकिटात न सांगितलेले वनस्पतीचे दाणे आढळले आहेत, लाल रंग लावलेले. वस्तू नष्ट करणे, परत पाठवणे किंवा दाणे काढून टाकणे यापैकी काय ते ठरेपर्यंत पाकीट ताब्यात राहील.

मी ती ईमेल दोनदा वाचली तरी मला कळेना. दाणे? कसले दाणे? संध्याकाळी थेट सदाशिव पेठेत गेले. बाबांनी माझा फोन घेतला, भिंग लावलं, आणि त्यातला 'नष्ट' हा शब्द तेवढा वाचून फोन खाली ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अक्षता असतील," ती म्हणाली. "मीच घातल्या. तू चिकटपट्टी शोधायला गेलीस तेव्हा पत्रिकेत ठेवल्या."

"आई, अगं, का पण?"

"का म्हणजे? अक्षतांशिवाय पत्रिका पाठवतात होय?"

मला भयंकर राग आला. माझ्या यादीत नोट होती, पुठ्ठे होते, ओल होती, चोरी होती. आमच्या घरात पत्रिका पाकिटात जाते तेव्हा कुंकवात घोळलेले चार तांदूळ तिच्याबरोबर जातातच, हे मात्र मला सुचलं नव्हतं. त्यात मी याच घरात वाढलेली. शेतीला परक्या किडीचा धोका म्हणून जो देश बुटाच्या तळव्याला लागलेली मातीही तपासतो, त्या देशात आईने कच्चे तांदूळ पाठवले होते.

बाबा आईला म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं?" एवढंच. आणि त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. जेवायला वाढ हे ते मला फोन करून सांगायचे, आणि मी विश्रांतवाडीतल्या माझ्या घरून आईला फोन करून सांगायची. पहिल्या दिवशी मला हसू आलं. मग नाही आलं. आई म्हणाली, "आमच्या लग्नात अक्षता वाटायला तुझे काकाच उभे होते. स्वतःच्या मुठीतल्या सगळ्या ह्यांच्या डोक्यावर टाकल्या होत्या त्यांनी. त्यांच्या घरी मी कोरी पत्रिका कशी पाठवू?" हे ती बाबांना सांगू शकत नव्हती, म्हणून मला सांगत होती. मलाही तेव्हा ते ऐकायचं नव्हतं.

मी त्या खात्याला लिहिलं. अक्षता म्हणजे काय, हे परक्या अधिकाऱ्याला समजावताना माझी पुरती दमछाक झाली. हे तांदूळ आहेत, हे पेरण्यासाठी नाहीत, खाण्यासाठीही नाहीत, हे माणसांच्या डोक्यावर टाकतात. त्यांचं उत्तर सभ्य आणि छोटं होतं: तांदूळ शिजवलेले आहेत का? मी कळवलं, नाहीत. दाणे नष्ट करा, खर्च आम्ही देऊ, फक्त नोटेला आणि पत्रिकेला हात लावू नका. मग पुन्हा वाट बघणं सुरू झालं.

त्या दिवसांत काकांना छातीचा संसर्ग झाला. ते रुग्णालयात गेले, आणि परत आले ते वेगळेच होऊन. काकांच्या मुलीने फोनवर सांगितलं, "आता ड्रॉवर उघडत नाहीत. मला ताई म्हणतात, त्यांची बहीण समजून." बाबांनी ते ऐकलं आणि अल्बम कपाटात ठेवून कपाट बंद केलं. मला वाटतं, त्या संध्याकाळी आम्ही तिघंही एकच गोष्ट मनात धरून बसलो होतो, की पाकीट अडलं नसतं तर ते वेळेवर पोचलं असतं. आईने देवापुढे निरांजन लावलं आणि तिथेच बसून राहिली. मला तिची दया आली आणि तरीही राग गेला नाही.

शेवटी पाकीट सुटलं. दाणे काढून घेतल्याचा एक कागद आत होता. नोट जशीच्या तशी होती, पत्रिकेच्या घडीत थोडं कुंकू राहिलं होतं. काकांच्या मुलीने रविवारी व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे सकाळ होती, त्यांच्याकडे दुपार. मी फोन टेबलावर उभा केला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले. आई मागे, पडद्यात येणार नाही अशी.

काका खूप वाळले होते. त्यांनी पडद्याकडे पाहून नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा. बाबा म्हणाले, "अरे, मी." काका नुसते हसले. मग मुलीने त्यांच्या हातात नोट दिली.

त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली. अंगठा डाव्या कडेवरून फिरवला आणि एका जागी थांबवला. मग खुर्चीतल्या खुर्चीत खिडकीकडे वळले आणि नोट उजेडात धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग पडद्याकडे वळून, एखाद्या पाहुण्याला सांगावं तसं बाबांना म्हणाले, "हिच्या जोडीची माझ्या मित्राकडे आहे. पुण्याला असतो. फार सांभाळून ठेवली आहे त्याने."

बाबांनी नुसती मान हलवली.

"तुम्ही पुण्याचे का?" काकांनी विचारलं. "मग त्याला एवढं सांगाल? म्हणावं, माझी मिळाली."

"सांगतो," बाबा म्हणाले. "नक्की सांगतो त्याला."

फोन बंद झाल्यावर मी उठून गॅलरीत जायला निघाले, कारण मला रडू आवरेना. मागून आईचा आवाज आला. इतक्या दिवसांनी ती प्रथमच त्यांना काही विचारत होती.

"अहो, ओळखली का त्यांनी नोट?"

"ओळखली."

"आणि तुम्हाला?"

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. "मलाही ओळखलं," ते म्हणाले. "फक्त समोर बसलोय तो मीच, हे त्याला कळलं नाही."